सनईच्या मागोमाग मालवणला

आमच्या सातारकडच्या माणसाला समुद्राचे भय नसते, कारण त्याने तो पाहिलेलाच नसतो. मी शाळेत भूगोल शिकवतो. बारा वर्षे भिंतीवरच्या नकाशावर छडी टेकवून मुलांकडून पश्चिम किनाऱ्यावरची बंदरे पाठ करून घेतली. देवगड आणि मालवण यांत छडीचे टोक उचलावेसुद्धा लागत नाही. ते अंतर प्रत्यक्षात केवढे आहे हे मला गेल्या माघात कळले, आणि तेव्हापासून वर्गात मी ही दोन नावे जरा आदराने घेतो.

निमित्त वसंताच्या लग्नाचे. वसंता आमच्याच शाळेत गणित शिकवतो, मूळचा देवगडचा, आणि गेली चार वर्षे आमच्या घराच्या पुढच्या खोलीत राहतो. त्याच्या लग्नाला आमच्या घरातून कोणी जाणार नाही असे शक्यच नव्हते. बायकोच्या मांडीवर चार महिन्यांचे मूल, म्हणून मी एकटाच निघालो. निघताना तिने ट्रंकेतून माझा भगवा फेटा काढून दिला आणि माझ्या सासऱ्यांनी लग्नात दिलेले मनगटी घड्याळ माझ्या हातावर बांधले. "लग्नघरात एक तरी माणूस वेळेवर असू दे," ती म्हणाली. या दोन्ही वस्तूंनी पुढे काय काय घडवले ते सांगतोच.

देवगड

तळेऱ्याला मोठा रस्ता सोडला आणि गाडी उताराला लागली. तांबड्या मातीचे इतके थर अंगावर बसले की देवगडला उतरल्यावर वसंताने मला आवाजावरून ओळखले. घरात वऱ्हाड जमले होते. वसंताला वडील नाहीत. सगळा कारभार आप्पामामांचा. मामांचा आवाज संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत कमावलेला, ध्वनिक्षेपक बंद पडला तरी सभा चालू ठेवणारा. घरात ते कुजबुजले तरी शेजारचे लोक "काय म्हणालात?" म्हणून दारात येत.

जेवायला बसलो तेव्हा वसंताने हळू आवाजात मला एक गोष्ट सांगितली, आणि या प्रवासाचा अर्थच बदलला. मुलीचे नाव शालिनी, मालवणला मुलींच्या शाळेत शिक्षिका. दोन वर्षांपूर्वी तिचे लग्न एकदा उभे राहिले होते. मांडव पडला, वाजंत्री आले, गौरीहरापुढे ती जाऊन बसली, आणि मुलाकडचे आलेच नाहीत. निरोप नाही, चिठ्ठी नाही. मुहूर्त टळल्यावर तिच्या वडिलांनी पंगतीला बसलेल्या लोकांना हात जोडून जेवून जायला सांगितले. नवऱ्याची बोट बंदरात आली की उडवायच्या म्हणून आणलेल्या गर्नाली, म्हणजे दारू ठासलेले मोठे बार, तशाच घरी परत गेल्या.

"पुन्हा तसं झालं तर ती तिसऱ्यांदा उभी राहणार नाही," वसंता म्हणाला. "आणि मग कारण सांगायलाही मला तिच्यापुढे जाता येणार नाही." गणिताचा मास्तर, एरवी हिशेब चुकला तरच गंभीर होणारा, पण त्या दिवशी त्याच्या पानातला भात तसाच राहिला. त्यातून मुहूर्त हा शेवटचा. पुढे शुक्राचा अस्त लागत होता आणि वैशाखापर्यंत तिथी नव्हती.

रस्त्याने जायचे तर मध्ये खाड्या, त्या ओलांडायच्या होड्या म्हणजे तरी, आणि दिवसभराचे धक्के. म्हणून मामांनी मोटारलाँच ठरवली होती. आदल्या दिवशी सकाळी निघून दुपारी मालवणला पोचायचे, संध्याकाळी सीमांतपूजन, दुसऱ्या दिवशी सकाळी लग्न. बेत सुरेख होता. लाँचचा तांडेल भिकू हा जन्मभर शिडाच्या होडीवर वावरलेला आणि दोन वर्षांपासून नाइलाजाने इंजिनावर बसलेला माणूस होता. इंजिनाला तो 'म्हातारो' म्हणे. निम्म्या वाटेवर म्हातारा खोकला, थुंकला आणि गप्प बसला. ते दुरुस्त होईतो दिवस कलला आणि आम्हाला आचऱ्याच्या खाडीत शिरून मुक्काम करावा लागला.

आचरा

मुक्कामाचे मला मुळीच वाईट वाटले नाही, आणि ही गोष्ट मी वसंतापासून अजून लपवून ठेवली आहे. खाडीकाठच्या एका घरातल्या बाईंनी, वीस माणसे अवचित दारात उभी राहिली तरी कपाळाला आठी न घालता, आंबोळ्या टाकायला घेतल्या. सोबत काळ्या वाटाण्याची उसळ. आमच्याकडे पाहुण्याला "अजून एक घ्या" म्हणून चार वेळा आग्रह करतात. इथे आग्रह नाही. पान रिकामे दिसले की वाढून मोकळे. मी सहा आंबोळ्या खाल्ल्या आणि सातवीच्या वेळी पानावर हात आडवा धरला, तर बाईंनी ती माझ्या हातावरच ठेवली.

पहाटे पाचला निघायचे ठरले. मुहूर्त सकाळी आठ चाळीसचा. आचऱ्याहून मालवण लाँचने दोन तासांचे, म्हणजे सातला बंदरात. बैलगाडीने गेलो असतो तर वाटेतल्या तरीने खाडी ओलांडेपर्यंत दुपार झाली असती. मामा दर पाच मिनिटांनी मला वेळ विचारत, कारण वऱ्हाडात चालू घड्याळ माझे एकट्याचेच होते.

निघण्यापूर्वी भिकूने लाँचच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नारळ ठेवला आणि गाऱ्हाणे घातले. ही इकडची रीत. देवाला संस्कृतात काही सांगायचे नाही. गावच्या वडीलधाऱ्याला सांगावे तसे आपल्या बोलीत सगळे मांडायचे, आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला हुंकार भरायचा.

"बा देवा म्हाराजा, ही जी काय तुझी लेकरां आज लग्नाक भायर पडली आसत..."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"तेंका सुखान मालवणाक पोचव. म्हाताऱ्याच्या पोटातली खोकली काढून टाक..."

"व्हय म्हाराजा."

"आणि सातारचो मास्तर आसा, तेका दर्यो लागता, तेचां पोट जाग्यार ठेव."

"व्हय म्हाराजा," मी सर्वांत मोठ्याने म्हणालो.

खाडीच्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत चांदण्या दिसत होत्या. मग त्या दिसेनाशा झाल्या. थोड्या वेळाने नाळेवर बसलेला खलाशी दिसेना, आणि मग मला माझ्या मांडीवरची पिशवी जेमतेम दिसू लागली. आमच्याकडे धुके पडते ते डोंगराच्या कुशीत, शेताच्या बांधावर. माणूस त्यात उभा असतो आणि पायाखाली जमीन असते. इथे खाली पाणी, वर धुके, आणि दोघांचा रंग एकच. फेट्यातून पाणी ठिबकू लागले.

भिकूने इंजिन बंद केले. मामा ओरडले, "बंद कित्याक केलंस?"

"म्हातारो बोलाक लागलो काय दर्यो आयकाक येणा नाय," भिकू शांतपणे म्हणाला. "जरा गप रवा बघू."

वीस माणसे गप्प राहिली. डावीकडे दूर किनाऱ्यावर लाटा फुटत असल्याचा आवाज आला. भिकूने खलाशाला शिशाचा गोळा बांधलेली दोरी पाण्यात सोडायला सांगितली. गोळ्याच्या बुडाला खळगा असतो आणि त्यात चरबी भरलेली असते. तळाची जी काही माती असेल ती तिला चिकटून वर येते. भिकूने ती बोटांनी चोळून पाहिली, म्हणाला "रेव आसा", आणि इंजिन पुन्हा सुरू केले. इंजिन चालवायचे, बंद करायचे, ऐकायचे, दोरी सोडायची, माती चोळायची, असे आम्ही मुंगीच्या पावलांनी निघालो. भूगोलाच्या मास्तराला आपण पृथ्वीवर नेमके कुठे आहोत हे सांगता येऊ नये, आणि एका निरक्षर माणसाला ते चिमूटभर वाळूवरून कळावे, याची मला मनातून लाज वाटली.

सात वाजून गेले. मग इंजिनाच्या एका थांब्यात ढोलाचा आवाज आला, आणि पाठोपाठ सनई.

वसंता ताडकन उभा राहिला. शालिनीच्या वडिलांनी वाजंत्र्यांना बंदरावर आणून उभे केले असणार, म्हणजे बोटीला आवाजाचा माग लागेल, असे मामांनी सांगितले. या किनाऱ्यावर हे पूर्वीपासून करतात म्हणे. भिकू कपाळाला आठ्या घालून "मालवण इतक्यात कसां इलां?" असे पुटपुटला, पण वीस माणसांच्या आनंदापुढे त्याचे कोण ऐकतो. लाँच सनईच्या मागे वळली.

तळाशील

किनारा दिसला तो एकदम, अगदी नाकाशी. माड, पांढरी वाळू आणि गुडघाभर पाण्यात उभी माणसे. "व्हराड इलां गो, व्हराड इलां," असा पुकारा झाला. मी नाळेपाशी होतो. दोन दणकट माणसे पाण्यातून आली, त्यांनी मला खांद्यांवर उचलले आणि पाय ओले न होऊ देता वाळूवर नेऊन उभे केले. सुवासिनींनी ओवाळले. कोणी हातात गूळपाणी दिले. मी ते प्यालो. थंडीने काकडलो होतो आणि गूळ उत्तम होता. हे सगळे मलाच का, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पण मालवणच्या लोकांच्या अगत्याबद्दल ऐकून होतो.

एका म्हातारीने निरांजन माझ्या तोंडाजवळ धरून मला न्याहाळले आणि शेजारणीला म्हणाली, "नवरो जरा पिकलेलो दिसता गो."

तेव्हा उलगडा झाला. आमच्या वऱ्हाडात सगळे टोपीवाले, फेटा एकट्या माझ्या डोक्याला. इकडच्यांना वाटले, एवढे पागोटे गुंडाळून आला तो नवराच. मी दोन मुलांचा बाप असल्याचे सांगत होतो तोवर वसंता मागून पाण्यात उतरून आला आणि धापा टाकत त्याने विचारले, "शालिनीचं घर कुठल्या बाजूला?"

"खंयची शालिनी?" मुलीचा बाप म्हणाला. "माझ्या चेडवाचां नाव पार्वती. तुमी देवबागचे न्हय?"

आम्ही देवबागचे नव्हतो आणि हे मालवण नव्हते. हे तळाशील, मालवणच्या बरेच अलीकडे. मुहूर्त मात्र तोच, आठ चाळीसचा. एका पंचांगाखाली साऱ्या किनाऱ्यावर मांडव पडले होते. यांचा नवराही समुद्रातून यायचा होता आणि यांनीही वाजंत्री काठावर आणले होते. मी रिकामे भांडे कोणाकडे परत द्यावे या विचारात होतो.

पार्वतीच्या बापाचे मला फार कौतुक वाटले. त्याचा स्वतःचा जावई धुक्यात हरवलेला, पण तो आपल्या म्हाताऱ्या चुलत्याला म्हणाला, "बाबलकाका, ह्येंच्या वांगडा जावा. ह्येंका खडकातसून पार करा, आणि वाटेत आमचो नवरो गावलो तर तेका हकडे धाडून देवा." बाबलकाका लंगोटी घट्ट करून लाँचवर चढले. म्हातारीने मला जाताना उरलेला गूळ बांधून दिला. एकदा ओवाळल्यावर रिकाम्या हाताने पाठवत नाहीत, असे तिचे म्हणणे पडले.

मालवण

आठ वाजता धुके थोडे विरळ झाले आणि माडांच्या बाजूला सूर्य दिसला. कल्हई केलेल्या ताटलीसारखा पांढरा, बघता येईल असा. दोन मिनिटांत तो पुन्हा गेला. मामांनी वेळ विचारली. मी सांगितली. त्यांनी पुन्हा विचारली. मला त्या घड्याळाचा राग येऊ लागला.

सव्वाआठच्या पुढे समोरून माणसांचा कालवा ऐकू आला. मामांनी दोन्ही हात तोंडापाशी नेऊन साद घातली, "कोण रे थंय?" मी कानांवर हात ठेवले. धुक्यातून एक मोठी होडी बाहेर आली, तीत वऱ्हाड, मध्यभागी मुंडावळ्या बांधलेला घामाघूम नवरा.

"मालवण खंय?" आम्ही विचारले.

"तळाशील खंय?" त्यांनी विचारले.

ते देवबागकर मालवणच्या सनईला तळाशीलची सनई समजून तिच्याभोवती तासभर घिरट्या घालत होते. दोन्ही होड्या इतक्या हसल्या की त्या एकमेकींवर आदळल्या. बाबलकाका आमच्या लाँचवरून त्यांच्या होडीत उतरले. उतरण्यापूर्वी त्यांनी मान तिरपी करून कान दिला. लांबून, पुसट, सनईचे सूर येत होते.

"सखारामाची सनय ती," ते म्हणाले. "तेचो फुडचो दात पडलो आसा, वारो गळता. आयकलास? आता हो सूर नाकासमोर धरून चला. डाव्या हाताक वळलास तर खडकार बसशात."

खरोखरच त्या सुरात मधूनमधून फुसफुस होती. सखारामाच्या दाताने आम्हाला वाट दाखवली. पण भिकूला घाई करता येईना. इंजिन बंद, कान टवकारलेले, पुन्हा चार हात पुढे. आठ पस्तीस झाले. मग आठ चाळीस. मामांनी माझ्याकडे पाहिले. मी नुसता हात पुढे करून घड्याळ दाखवले. मांडीवरची मुंडावळ्यांची पेटी त्यांनी उचलून बाकाखाली ठेवली.

वसंता उठला, वाकून त्याने ती पेटी परत घेतली आणि छातीशी धरून उभा राहिला. "मुहूर्त गेला तर गेला," तो म्हणाला. "आपण आलो होतो एवढं तरी तिला दिसलं पाहिजे." मी पुडीतला गुळाचा खडा काढून त्याला दिला, कारण दुसरे काहीच देण्यासारखे माझ्याजवळ नव्हते.

भिकूने भोंगा वाजवला. किनाऱ्यावरून ओरडा उठला, आणि मग एक फुस्स असा आवाज. दुसरी गर्नाल मात्र अशी उडाली की लाँचची फळी थरथरली. मग तिसरी, चौथी. दोन वर्षे माळ्यावर पडलेली दारू होती ती; पहिली दमट निघाली एवढेच.

धक्क्यापाशी शालिनीचे वडील कमरेएवढ्या पाण्यात येऊन उभे होते, धोतर, कोट, टोपी सगळ्यासकट. त्यांनी वसंताचा हात धरला तो सोडेनात. मामा म्हणाले, "व्याही, उशीर झालो. नऊ वाजत इले."

"इलात, पावला," ते म्हणाले. "आता काय होयत तां होवंदे."

इतक्यात त्यांच्या घरचा गडी धक्क्यावरून धावत आला. भटजींनी घटिका आत्ता टाकली, गर्नाल वाजली त्याच वेळी, म्हणून अजून चार घटिका आहेत, घाई करू नका, पाहुण्यांना आंघोळीला पाणी काढले आहे, असा त्याचा निरोप होता.

घटिकापात्र मी त्या दिवशी प्रथम नीट पाहिले. पाण्याने भरलेल्या घंगाळात बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडतात; ती भरून बुडायला चोवीस मिनिटे लागतात. ती झाली एक घटिका. वाटी बुडाली की पुन्हा सोडायची. आमच्याकडे हल्ली कोणाच्या तरी मनगटाकडे बघून मंगलाष्टके सुरू करतात. इथले भटजी ऐंशीच्या घरातले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि विचार पक्के. सूर्य उगवताना पाहिल्याशिवाय ते वाटी पाण्यात सोडत नाहीत, आणि त्यांचा मुहूर्त तिथून चार घटिका मोजायचा. त्या दिवशी धुक्यात सूर्य दिसला तो पावणेनऊला. तेव्हा मुहूर्त दहा वाजून वीस मिनिटांनी. मी अदबीने माझे घड्याळ पुढे केले तर ते म्हणाले, "तां तुमच्या हातार रवांदे, मास्तर. सूर्याक किल्ली देवची लागणा नाय."

लग्न लागले. चौथी वाटी बुडाली तेव्हा मांडवात इतकी शांतता होती की पाण्याचा बुडबुडा ऐकू आला. अंतरपाट दूर झाला आणि शालिनीच्या वडिलांनी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले. पंगतीला बसलो तेव्हा सोलकढीच्या किती वाट्या प्यालो हे मी मोजले नाही, शेजारी बसलेल्या मामांनी मोजले आणि सर्वांना सांगितले.

परत

दुसऱ्या दिवशी आम्ही नव्या वधूला घेऊन त्याच लाँचने देवगडला निघालो. आकाश असे निर्मळ की तळाशीलचे माड एकेक मोजता यावेत. काठावर कोणी तरी पांढरे फडके हलवत होते. पार्वतीचे लग्नही लागले होते. तिथे घड्याळ मोजणारे कोणी नव्हतेच, नवरा आला तो मुहूर्त धरला, असे बाबलकाकांनी कळवले होते. वसंताला, देवगडात जन्मलेला असूनही, समुद्र लागला होता आणि तो बाकावर आडवा पडला होता. भिकूने माझ्यासाठी घातलेले गाऱ्हाणे माझ्यापाशीच टिकले होते.

मी शालिनीवहिनींशेजारी बसलो होतो. सहज म्हणालो, "वहिनी, एक कळत नाही. आम्ही काल आठ वाजता लाँचवरून सूर्य पाहिला. चांगला ताटलीएवढा. तुमच्या अंगणात पावणेनऊपर्यंत कसा दिसला नाही?"

वहिनी पाहुण्याशी बोलावे तसे शाळेतल्या मराठीत म्हणाल्या, "भटजीकाकांना दिसत नाही ना. गौरीहरापुढे मी पूर्वेकडे तोंड करून बसलेली, म्हणून ते मलाच विचारत होते." मग झोपलेल्या वसंताकडे बघत त्यांनी आपल्या बोलीत सांगितले. "साडेसाताकच दिसलो होतो. माडांच्या मधी. माझी आत्ये बाजूक बसलली, तिनापण बघल्यान आणि पदर सारखो करीत रवली. काका इचारीत, चेडवा, दिसलो गो? मी म्हणा, नाय, अजून दिसूक नाय."

"इतका वेळ?"

"मागच्या वेळेक इचारल्यानी तेव्हा मी लगेच सांगलंय, दिसलो. मगे वाट्यो बुडत गेल्यो. एक, दोन, तीन, चार. माझ्या डोळ्यांफुडे बुडल्यो." वहिनी पाण्याकडे बघत होत्या. "ह्या वेळेक म्हटलां, आधी गर्नाल वाजांदे. मगे सूर्य उगवांदे."

घड्याळाला किल्ली द्यायची माझी वेळ झाली होती. मी ते मनगटावरून काढले आणि पिशवीत, त्या गुळाच्या पुडीशेजारी ठेवून दिले.